पहिल्यापासून

"पहिल्यापासून!"

सासऱ्यांनी काठी फरशीवर आपटली आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले. शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. दोनच! गॅसवर दूध, मांडीवर हिब्रूचं पुस्तक, आणि जीभ एका शब्दावर जराशी अडखळली तर या गृहस्थांनी सगळं स्तोत्र पुन्हा वरपासून म्हणायला लावलं.

"बाबा, अहो एकच शब्द चुकलाय. तेवढा सुधारते ना."

"एक चुकला म्हणजे पुढचे सगळे चुकणार. पहिल्यापासून."

दूध उतू गेलं. जाणारच होतं, रोज जातं. ती आत धावली, गॅस बंद केला, ओट्यावर पसरलेल्या दुधाकडे बघून कपाळावर हात मारला आणि बाहेर आली. दारातच आवाज आला, "डोकं सांभाळ, लंबू. चौकट लागेल."

आता काय बोलायचं यावर! ती उंचीने जेमतेम पाच फूट. दारातून जाताना तिचं डोकं चौकटीला लागायचं तर आधी पायाखाली स्टूल घ्यावं लागलं असतं. पण सासऱ्यांच्या लेखी ती सून नव्हतीच. ती होती लंबू, त्यांच्या वर्गातला मागच्या बाकावरचा कुणी उंच पोरगा.

म्हाताऱ्यांनी सगळी हयात सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, हिब्रू शिकवण्यात घालवली होती. मूळ भाषेतला बायबलचा जुना करार वाचता आल्याशिवाय कुणी पाळक होऊ नये, असं त्यांचं मत, आणि ते मत त्यांनी पोरांच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं होतं. वाचताना चूक झाली की एकच शब्द, पहिल्यापासून. पोरांनी त्यांचं नावच 'पहिल्यापासून सर' पाडलं होतं. मग दोन वर्षांपूर्वी आजारपण आलं आणि डोक्यातली घडी विस्कटली ती विस्कटलीच. जेवण झालं की नाही, आठवत नाही. मुलगा समोर आला तर कधी ओळखतात, कधी 'वायरमन आला' म्हणतात. तसा तो वायरमनच आहे, त्यामुळे ती चूक म्हणावी की नाही हाही प्रश्नच. सून मात्र साफ पुसली गेली होती. आठ वर्षं ज्यांच्या चहापाण्याचं बघितलं, पथ्याचं रांधलं, त्यांनी आपल्याला असं खोडून टाकावं? आणि हिब्रू? ती मेली अजून जागच्या जागी शाबूत!

खरं तर ही आफत तिने स्वतःच ओढवून घेतली होती. शाळेतली धडधाकट नोकरी सोडून, पस्तिशी उलटल्यावर ती सेमिनरीत दाखल झाली. थिऑलॉजीचे बाकी सगळे पेपर एका दमात सुटले. ख्रिस्ती मंडळीचा इतिहास, उपदेशशास्त्र, सगळं. हिब्रूची तोंडी परीक्षा आली आणि परीक्षकांसमोर तिची बोबडीच वळली. कागदावरची अक्षरं नुसती मुंग्यांसारखी फिरायला लागली. नापास. पुन्हा बसायची एक संधी मिळते, दुसरी नाही. त्या रडकुंडीच्या दिवसांत एकदा ती खुर्चीत गप्प बसलेल्या सासऱ्यांना म्हणाली होती, "बाबा, एवढं स्तोत्र जरा ऐकता का?"

कित्येक महिने भिंतीकडे बघत बसलेले म्हातारे ताठ झाले. पहिल्याच ओळीला काठी वाजली.

"बाबा बोलायला लागले गं!" नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिच्याही आलं होतं, खोटं कशाला बोला. पण ते त्या दिवशी. त्यानंतर रोज सकाळी चहा होतो न होतो तोच बोलावणं, दुपारी ती सेमिनरीतून येऊन चप्पल काढते न काढते तोच बोलावणं. नाही म्हटलं तर जेवायचे नाहीत. औषध घ्यायचे नाहीत. आणि स्तोत्र अर्धवट सोडलेलं तर मुळीच चालायचं नाही. संपेपर्यंत उठायचं नाही. चुकलं की वरपासून, संपलं की "उद्या पुन्हा."

"तुम्हीच सांगा त्यांना काहीतरी," ती नवऱ्यावर उखडायची. "एक शब्द अडला तर तिथेच समजून घ्यायचा की नाही माणसाने? मला नुसतं पाठ होतंय ते, पोपटासारखं!"

"दमाने घे गं. तुझ्यामुळे त्यांचं बरं चाललंय."

"माझ्यामुळे नाही, त्या लंबूमुळे! मी कोण? मी तर या घरात राहतच नाही!"

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात तिने सेमिनरीत निबंध दिला होता, विषय 'देवाची सहनशीलता'. सरांनी कौतुक केलं, अनुभवातून लिहिल्यासारखं वाटतं म्हणाले. आदल्या सकाळी स्वयंपाकघरात भांडी कशी आदळली होती ते सरांना कुठे माहीत!

या सगळ्यात डेपोमागच्या मंडळीचे सेक्रेटरी रोज फोन करून जीव खायचे. बस डेपोच्या मागे पत्र्याचं छप्पर असलेलं लहानसं ख्रिस्ती देऊळ. तीन वर्षं तिथे पाळक नव्हता. विद्यार्थिनी म्हणून ती दर रविवारी उपासना घ्यायची, आजाऱ्यांना भेटायची, लहान मुलांना गाणी शिकवायची. लोकांनी तिला धरूनच ठेवलं होतं. पण वरच्या कार्यालयाने निर्वाणीचं कळवलं होतं, या वर्षात दीक्षा घेतलेला पाळक मिळाला तर ठीक, नाहीतर देवळाला कुलूप आणि माणसं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या चर्चमध्ये. दीक्षा हवी तर पदवी हवी, आणि पदवी अडली होती हिब्रूपाशी.

"बाई, होताय ना पास?" सेक्रेटरी विचारायचे. ते मूळचे बस कंडक्टर, त्यामुळे देवळातसुद्धा लोकांना "पुढे सरका, पुढे सरका" म्हणायचे. "नाही म्हणजे, आमच्या म्हाताऱ्या माणसांना एवढ्या लांब जाणं झेपायचं नाही. ती घरीच बसतील. संपलं मग."

"प्रयत्न करतेय हो, काका."

"प्रयत्न नको, पास व्हा."

एवढं बोलून फोन ठेवायचे. आता यावर चिडावं की हसावं?

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती सासऱ्यांचा डोळा चुकवून निघणार होती. दारापर्यंत पोचलीही.

"लंबू!"

"बाबा, मला उशीर होतोय."

"आज परीक्षा ना तुझी?" हे बरं आठवतं! "घाबरायचं नाही. चुकलास तर थांबायचं, पहिल्यापासून घ्यायचं. आणि या खेपेला पडू नकोस. या खेपेला पडलास तर घरी पाठवतील तुला."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. लंबूला आशीर्वाद! घरात रांधायला सून, आशीर्वाद घ्यायला लंबू. "येते," एवढंच म्हणून तिने दार जरा जोरातच ओढून घेतलं.

तोंडी परीक्षा ग्रंथालयामागच्या अडगळीच्या खोलीत होती. बंद पडलेला एक ऑर्गन, फाटक्या गीतांच्या पुस्तकांचे गठ्ठे, एक टेबल, दोन खुर्च्या. परीक्षक बाहेरच्या सेमिनरीतून आलेले, इथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं आणि परीक्षेच्या नियमाप्रमाणे त्यांच्यापुढे फक्त परीक्षार्थींचे क्रमांक होते. पिकले केस, जाड चष्मा, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही असा शांतपणा. त्यांनी तिच्यापुढे एक कागद सरकवला.

"वाचा आणि अर्थ सांगा."

तिने बघितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. तेच स्तोत्र! नेमलेल्या स्तोत्रांतलं तेच, देवाकडे गाऱ्हाणं घालणारं, रोज सकाळ-दुपार म्हातारबुवांनी दळून घेतलेलं. जुन्या करारातल्या माणसांचं एक बरं असतं, मनात आलं की देवाला तोंडावर विचारून मोकळी होतात. तिने सुरुवात केली. एक ओळ मूळ भाषेत, एक ओळ अर्थ. कुठे थांबणं नाही, कुठे अडणं नाही. स्वतःचा आवाज ऐकून तिला स्वतःलाच बरं वाटायला लागलं. परीक्षकांनी मान वर केली. ती आणखी जोरात म्हणू लागली.

"थांबा," परीक्षक म्हणाले.

ती थांबली नाही. थांबायची सवय कुठे होती? ते स्तोत्र शेवटापर्यंत नेल्याशिवाय सुटकाच नसायची.

"अहो, थांबा! कागद बघा."

तिने कागद बघितला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. कागदावर निम्मंच स्तोत्र छापलं होतं. खाली पांढरं कोरं. छापलेलं केव्हाच संपलं होतं आणि ती त्या कोऱ्या जागेवर बोट फिरवत पुढची सगळी वचनं घडाघडा वाचत सुटली होती.

"जे कागदावर नाही तेही तुम्हाला वाचता येतं," परीक्षक म्हणाले. "आनंद आहे." त्यांनी पेन्सिलीचं टोक कागदाच्या मधोमध टेकवलं. "हे एवढंच वचन घ्या. इथून."

ती त्या वचनाकडे बघत राहिली. ओळखीचं होतं. हजारदा तोंडातून गेलेलं होतं. पण मधूनच कसं सुरू करायचं? मधून कुणी सुरू करूच दिलं नव्हतं कधी. तिचे ओठ हलायला लागले.

"काय पुटपुटताय?"

"तिथपर्यंत येतेय," ती म्हणाली.

परीक्षकांनी पेन्सिल खाली ठेवली. "बाई, नियम तुम्हाला माहीत आहे. पाठांतर म्हणजे नापास. दर वर्षी एक तरी असा येतोच. भाषांतर घोकायचं, अक्षरं ओळखीची दिसली की ओकायचं. उद्या व्यासपीठावरून लोकांना असंच सांगणार का?"

एवढे दिवस आत साठलेलं सगळं उसळून वर आलं.

"मला हौस नव्हती हो पाठ करायची!" ती म्हणाली. आवाज चढला, तर चढू दे. "घरी एक गृहस्थ आहेत. सासरे माझे. एक शब्द चुकला की काठी आपटतात, पहिल्यापासून म्हणतात. संपेपर्यंत उठू देत नाहीत. मधला एक शब्द समजून घेते म्हटलं तर तेही नाही. नाही म्हटलं की जेवण बंद. दूध उतू जातं, भाजी करपते, पण यांचं स्तोत्र पुरं झालं पाहिजे! आणि इतकं करून मला ओळखतात का? नाही! मला कुणी लंबू समजतात. दारातून जाताना डोकं सांभाळ म्हणतात. माझी उंची बघा आणि सांगा! आज निघतानासुद्धा त्या लंबूलाच सांगत होते, या खेपेला पडू नकोस म्हणून. तिकडे डेपोमागे माझी माणसं देवळाला कुलूप लागेल म्हणून धास्तावून बसलीत, आणि मी इथे त्या लंबूच्या वाटणीची हिब्रू शिकून नापास होतेय!"

बोलून झाल्यावर तिला घाम फुटला. परीक्षकांवर ओरडणारी विद्यार्थिनी सेमिनरीच्या इतिहासात बहुतेक ती पहिलीच असावी. संपलं, तिच्या मनात आलं. आता सेक्रेटरी काकांना काय तोंड दाखवू?

चष्मा काढून परीक्षक तो रुमालाने पुसत राहिले. बराच वेळ पुसला. मग पिशवीतून दुसरा कागद काढून तिच्यापुढे ठेवला.

"हा नेमलेल्यांपैकी नाही. कधी वाचलेला नसेल. घ्या."

अनोळखी उतारा. पहिल्या शब्दाला ती अडली. दुसऱ्या ओळीत क्रियापद म्हणून जे धरलं ते पुढे बसेना. कुणी काठी आपटली नाही, तरी तिची तीच मागे गेली, उताऱ्याच्या सुरुवातीला. पुन्हा वाचत आली तेव्हा तो शब्द नीट बसला. पुढे आणखी एक अडला. पुन्हा वर. प्रत्येक फेरीला एखादी गाठ सुटत होती. विहिरीच्या पाण्यावरून मेंढपाळांचं भांडण होतं ते, हे तिला चौथ्या-पाचव्या फेरीत कळलं आणि ती मोठ्याने म्हणाली, "अच्छा, भांडतायत होय!" शेवटच्या ओळीतला एक शब्द मात्र काही केल्या हाती लागला नाही. तिने तसं सांगून टाकलं.

"दोन ठिकाणी चुकलात," परीक्षक म्हणाले. "एक तुम्ही सांगितलीत. दुसरी तुमच्या लक्षात आली नाही. पण बाकी चुकताना प्रत्येक वेळी तुम्हाला कळत होतं की चुकतंय, आणि तुम्ही मागे जात होतात. वाचणं म्हणतात ते हेच. पास. काठावर."

तिचा विश्वासच बसेना. मग एकदम संशय आला. "कीव करून देत असाल तर नको मला."

"कीव?" ते पहिल्यांदाच हसले. "पहिल्यापासून सरांच्या विद्यार्थ्याकडून? त्यांनी माझी केली नव्हती हो."

ते उठून उभे राहिले. आणि उभे राहतच गेले. खुर्चीत बसले होते तोवर कळलं नव्हतं. डोकं जवळजवळ दिव्याला लागलं.

"तो लंबू मी," ते म्हणाले. "दोनदा पाडलं त्यांनी मला, याच खोलीत. दुसऱ्या खेपेला घरी पाठवलं. मग दुसऱ्या सेमिनरीत गेलो, आणि नुसतं चिडून चिडून हिब्रू शिकलो. एवढी वर्षं त्यांचं तोंड बघितलं नाही." त्यांनी कागद पिशवीत कोंबले. "घरी आहेत आता?"

"आहेत. या. पण आधीच सांगते, तुम्हाला ओळखायचे नाहीत. लंबूची जागा भरलेली आहे."

दुपारी दोघं घरी पोचले. नवरा कामावरून जेवायला आलेला, दार उघडताच त्याने तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली आणि त्याने तिथल्या तिथे हात जोडले. ती पुढे झाली, पाहुणे तिच्या मागून.

"डोकं सांभाळ, लंबू," खुर्चीतून आवाज आला.

ती आत गेली. मागे धाडकन आवाज झाला. पाहुण्यांचं कपाळ चौकटीला लागलं होतं.

"कोण आहेत हे?" सासऱ्यांनी विचारलं.

"परीक्षक आहेत, बाबा," ती म्हणाली.

म्हातारे सावरून बसले. काठी बाजूला ठेवली, सदऱ्याची गुंडी लावली. "बसा, बसा साहेब. हा आमचा लंबू." त्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं. "मीच पाडला याला. जाताना वळूनसुद्धा बघितलं नाही पोराने. डोकं होतं हो याला, मलाच घाई झाली. म्हणून आता रोज घेतोय याच्याकडून. सकाळ-दुपार. कंटाळतो, तोंड वाकडं करतो, पण बसतो. या खेपेला होईल ना तो पास?"

परीक्षकांनी कपाळावर धरलेला हात हळूच खाली घेतला.

"झाला पास, सर," ते म्हणाले. "चांगला झाला."

"नक्की?"

"मीच घेतली परीक्षा."

म्हाताऱ्यांनी मोठा श्वास सोडला. इतके महिने रोज तो चेहरा बघत होती ती, पण एवढा निवांत झालेला तिने पाहिला नव्हता. तिला वाटलं, आता म्हणणार, दाखव म्हणून, पहिल्यापासून. तिने खरोखर मनातल्या मनात पहिली ओळ जुळवूनसुद्धा ठेवली.

"मग आज सुट्टी," ते म्हणाले. आणि तिला जवळ बोलावून, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने पुढे म्हणाले, "लंबू, जरा आत जाऊन सूनबाईला सांग, साहेबांना चहा टाक म्हणावं. पण हळू सांग हं, ओरडू नकोस. ती अभ्यास करत असते. तिची पण परीक्षा आहे."

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं आणि पटकन दुसरीकडे तोंड वळवलं.

"सांगतो, सर," ती म्हणाली.

रिकाम्या स्वयंपाकघरात जाऊन तिने हळू आवाजात निरोप सांगितला. मग चहाचं आधण ठेवलं, शेजारी दूध तापत ठेवलं, आणि ते वर येईपर्यंत तिथेच उभी राहिली.